तिसाव्या दिवसानंतर

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी "आयटी" म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगायला बसलं की समोरच्याचा चहा गार होतो. ऐरोलीच्या एका ऑफिसात बसून मी औषधांच्या ट्रायल्सचा डेटा साफ करते, त्याची टेबलं आणि ग्राफ काढते. माझ्या स्क्रीनवर माणसं नसतात, सब्जेक्ट नंबर असतात, आणि हार्टची ट्रायल असेल तर त्या नंबरासमोर 'इव्हेंट' नावाचा एक कॉलम असतो, त्यात एक नाहीतर शून्य. एक म्हणजे अटॅक आला किंवा स्ट्रोक आला किंवा माणूस गेला. आता अडचण अशी की पुरेसे इव्हेंट झाल्याशिवाय ट्रायलला उत्तरच मिळत नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये "यावेळी इव्हेंट कमी पडतायत" हे वाक्य बिस्किट चहात बुडवता बुडवता बोललं जातं आणि बोलणारा काही वाईट माणूस नसतो. कामच तसं आहे.

या डेटातून जो ग्राफ निघतो त्याची रीत १९५८ सालची, कॅप्लन आणि मायर या दोघांची. दोघांनी वेगवेगळे पेपर पाठवले होते, संपादकांनी एकत्र करायला लावले, तेव्हापासून जोडीनेच नाव घेतात. सुरुवातीला शंभर टक्के जिवंत, मग कुणी गेलं की रेघ एक पायरी खाली उतरते. मधे मधे रेघेवर बारीक उभे टिक असतात, ते म्हणजे ज्यांची खबर तेवढ्यापर्यंतच आहे. कुणी गाव सोडलं, कुणी फोन उचलला नाही, कुणाची मुदत अजून भरायचीय. मला हे टिक पहिल्यापासून आवडतात. ज्याचं पुढचं माहीत नाही त्याला उगाच मारायचं नाही आणि उगाच जगवायचंही नाही, माहीत होतं तिथपर्यंतच मोजायचं, ही मला फार सभ्य रीत वाटते.

मागच्या पावसाळ्यात माझे सासरे, आप्पा, स्वतःच त्या कॉलममध्ये बसतील असे झाले.

आप्पा म्हणजे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूममध्ये नोकरी केलेला माणूस. मायक्रोमीटर कानाशी धरून घड्याळासारखा ऐकतील की काय असं वाटावं इतकं मापाचं वेड. आणि या माणसाला रात्री छातीत दाबल्यासारखं झालं तेव्हा निदान काय, तर गॅस. मग ओवा, मग इनो, मग पंख्याखाली बसणं, मग आईंनी पाठ चोळणं, मग "सकाळी बघू". नौपाड्यात राहतो आम्ही, चालत जाण्याच्या अंतरावर हॉस्पिटलं आहेत, रात्री दोन वाजता तीन हात नाक्यावर कुणी सिग्नलसुद्धा पाळत नाही इतका रस्ता मोकळा. तरी उजाडलंच.

भारतातल्या हार्ट अटॅकचा एक मोठा अभ्यास आहे, क्रिएट नावाचा, २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५० शहरांतली ८९ हॉस्पिटलं, वीस हजारांवर पेशंट. त्यातला एक आकडा मी ऑफिसातल्या किती प्रेझेंटेशनमध्ये पाहिला असेल: त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटलला पोचेपर्यंत मध्यम वेळ ३६० मिनिटं. म्हणजे अर्ध्या लोकांना सहा तासांहून जास्त लागले. आणि हॉस्पिटलात पोचल्यापासून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळेपर्यंत ५० मिनिटं. आपण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो, कापूरबावडीला अ‍ॅम्ब्युलन्स अडकली म्हणून व्हिडिओ फिरवतो, ते खरंच आहे, पण आमच्याकडे रस्त्यात काहीच वेळ गेला नाही. गेला तो सगळा ओव्याच्या डबीपासून पंख्यापर्यंत. त्याच अभ्यासात अजून एक आकडा आहे जो प्रेझेंटेशनमध्ये फारसा येत नाही. तीस दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, गरिबांत ८.२ टक्के, आणि मिळालेल्या उपचारांतला फरक हिशोबात धरला की हा फरक उरत नाही. म्हणजे गरिबाचं हृदय काही वेगळं नसतं, फक्त त्याच्या केसपेपरवर कमी गोष्टी लिहिलेल्या असतात.

आप्पांची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, डॉक्टर म्हणाले छान झालं, आणि मग छातीत इन्फेक्शन झालं, श्वास लागायला लागला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. त्यानंतरचे दिवस आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर. ज्यांनी त्या खुर्च्या पाहिल्यात त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही पाहिल्या त्यांना सांगून कळणार नाही. एका वेळी एकच पास, चप्पल बाहेर, दुपारी डॉक्टर येऊन सगळ्यांना समोर उभं करून सांगणार, "क्रिटिकल आहेत पण स्टेबल आहेत". मग सगळे माझ्याकडे बघणार. नणंदेने पहिल्याच दिवशी विचारलं, "तू याच लाइनमध्ये आहेस ना, मग सांग ना, किती टक्के चान्स?"

टक्के मला माहीत होते. पण टक्के कुणाचे ते तिला कसं सांगू? एक उदाहरण घेते, माझ्या लाइनमधलं सगळ्यात गाजलेलं. १९८८ची इसिस-२ ट्रायल, ४१७ हॉस्पिटलं, १७,१८७ पेशंट, सगळ्यांना अटॅकची शंका. अर्ध्यांना महिनाभर रोज साधी अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना दिसायला तशीच पण खोटी गोळी. पाच आठवड्यांत हृदय नाहीतर रक्तवाहिन्यांच्या कारणाने गेलेले, खोट्या गोळीच्या बाजूला ११.८ टक्के आणि अ‍ॅस्पिरिनच्या बाजूला ९.४ टक्के. ही फार म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, एवढ्या स्वस्त गोळीने एवढी माणसं वाचणं. पण आता हजार माणसं धरा. हजारातली ८८२ तशीही वाचणार होती, ९४ गोळी घेऊनही जाणार, गोळीने वाचलेली २४. आणि ही २४ कोण ते कुणालाच कधीच कळत नाही, डॉक्टरला नाही, त्या माणसाला स्वतःलाही नाही. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं गोळीने वाचलो, किंवा देवाने वाचवलं, किंवा आपण तर मुळात ठणठणीतच होतो. एवढं सगळं सांगितल्यावर नणंद म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नाही." बरोबर आहे तिचं.

तिला मी मुद्दाम त्या ट्रायलमधली राशींची गोष्टही सांगितली, जरा हसेल म्हणून. त्या पेपरमध्ये संशोधकांनी पेशंट राशींप्रमाणे वेगळे काढून दाखवले होते आणि मिथुन नि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनने फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटा दिसला, बाकीच्यांना मात्र भरपूर फायदा. हेतू हाच दाखवायचा होता की डेटाचे हवे तेवढे तुकडे केले की कुठल्या तरी तुकड्यात काहीही दिसतं, त्याच्या मागे लागू नका. झालं उलटंच. नणंदेने लगेच विचारलं, "आप्पांची रास कोणती गं?" मी म्हटलं ताई, त्या पेपरवाल्यांची रास सूर्यावरून, आपली चंद्रावरून, पत्रिका जुळायची नाही. तेव्हा हसली.

खरी पंचाईत मॉनिटरने केली. आत जायला मिळायचं तेव्हा आप्पांकडे बघायचं सोडून सगळे मॉनिटरकडे बघायचे, मी धरून. कुठला आकडा हिरवा, कुठला पिवळा. एक दिवस शुगर १६५ आली, दुसऱ्या दिवशी १७२, आणि घरच्या ग्रुपवर एकदम गदारोळ. डॉक्टर काही करत नाहीत, इन्सुलिन वाढवत नाहीत, दुसरीकडे हलवूया का. इथे मला पहिल्यांदा माझ्या नोकरीचा काहीतरी उपयोग झाला, कारण या प्रश्नाची पूर्ण कहाणी मला पाठ होती.

२००१ साली बेल्जियममधल्या ल्यूवेनला, ग्रेट व्हॅन डेन बर्घ यांच्या आयसीयूत असं दिसलं की इन्सुलिन देऊन शुगर एकदम कडक, नॉर्मल माणसासारखी ठेवली तर कमी पेशंट दगावतात. पटण्यासारखंच आहे ना, शुगर वाढलेली वाईट, मग ती खाली आणलेली चांगली. जगभरच्या आयसीयूंनी ते उचललं. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडावाल्यांनी मिळून ६,१०४ पेशंटवर नाइस-शुगर नावाची ट्रायल केली, एका गटाची शुगर ८१ ते १०८ मध्ये ठेवायची, दुसऱ्याची १८० किंवा त्याखाली असली की झालं. २००९ला निकाल आला. नव्वद दिवसांत कडक शुगरवाले २७.५ टक्के गेले, ढिलाईवाले २४.९ टक्के. शुगर धोकादायक इतकी खाली जाण्याचे प्रकार कडक गटात ६.८ टक्क्यांना, दुसऱ्यात ०.५ टक्क्याला. म्हणजे कागदावरचा आकडा जितका गोंडस तितकी माणसं जास्त गेली. ग्रुपवर मी एवढंच टाकलं, "१७२ मुद्दाम ठेवलीय, बरोबर आहे." कुणाचा विश्वास बसला नाही, पण हलवायचं राहिलं.

व्हेंटिलेटरचंही तसंच. २००० सालच्या अमेरिकन ट्रायलमध्ये ८६१ पेशंट होते, निकामी होत चाललेल्या फुफ्फुसात दर श्वासाला किती हवा भरायची हा प्रश्न. जास्त हवा भरलेल्यांचं ऑक्सिजन पहिले काही दिवस चांगलं दिसत होतं. आणि गेले तेच जास्त, ३९.८ टक्के, कमी हवावाले ३१ टक्के. त्या ताणाने फुफ्फुसच आणखी दुखावतं.

या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे कास्ट ट्रायल, आणि ती मी आप्पांना नंतर घरी आल्यावर सांगितली, कारण असल्या गोष्टी त्यांनाच आवडतात. अटॅक येऊन गेलेल्या काही लोकांच्या ईसीजीत मधेच जादाचे ठोके दिसतात, आणि असे ठोके असणारे लोक जास्त दगावतात हे आधीपासून माहीत होतं. ठोके बंद करणारी औषधं होती, एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड, अमेरिकेत परवानगी मिळालेली. मग सरळ हिशोब झाला, ठोके बंद करा, माणसं वाचवा. तरी कुणीतरी म्हटलं एकदा ट्रायल करून बघूया, आणि त्यावर टीकाही झाली की अर्ध्यांना खोटी गोळी देणं म्हणजे त्यांना मरायला सोडणं. ट्रायलमध्ये घेतले तेही असेच पेशंट ज्यांचे ठोके औषधाने खरोखर कमी झाल्याचं आधी तपासून पाहिलं होतं, म्हणजे औषध लागू पडलेले. १९८९मध्ये ट्रायलचा या दोन औषधांचा भाग मधेच थांबवावा लागला. १९९१च्या पेपरातला हिशोब असा, औषधावर ७५५ जण, त्यातले ६३ गेले. खोट्या गोळीवर ७४३, त्यातले २६. ईसीजी मात्र सुंदर.

आप्पा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "गेजमध्ये जॉब बसला म्हणून पास केला, मशीनवर लावून बघितलाच नाही." जॉब म्हणजे घडवलेला भाग, गेज म्हणजे त्याचं माप तपासायचा साचा. मग म्हणाले, "आमच्याकडे असं करणाऱ्या इन्स्पेक्टरला साहेब उभं करायचे." मला ऑफिसात ट्रेनिंगमध्ये हेच शिकवायला चाळीस स्लाइड लागल्या होत्या.

पण मी पुढे गेले, आयसीयूच्या बाहेरचं एक राहिलंच. आमच्या समोरच्या खुर्च्यांवर एक कुटुंब होतं, शहापूरकडचं, मुलगा आत. एका संध्याकाळी ते सामान आवरायला लागले. बरा झाला का असं आईंनी विचारलं तर त्या मुलाचा काका म्हणाला, "नाही, डामा घेतोय." आपल्याकडे हा शब्द सगळ्यांना कळतो, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ पैसे संपले. त्यांना निरोप काय द्यायचा तेच कळेना, आईंनी डब्यातल्या पोळ्या बांधून दिल्या. मी मात्र, म्हणजे सवयच अशी लागलीय, विचार करत बसले की हा मुलगा कुठल्या कॉलममध्ये जाईल. हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये तो गेलेला नाही, डिस्चार्ज आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. जिगीषू दिवाटियांच्या पुढाकाराने देशातल्या आयसीयूंचा इंडिकॅप्स नावाचा अभ्यास झाला, १२४ आयसीयू, ४,२०९ पेशंट, आपल्याकडे नेमके कोण पेशंट येतात आणि त्यांचं काय होतं ते एकत्र मांडणारं हे दुर्मिळ काम. असा अभ्यास वाचताना मी आता दगावलेल्यांच्या टक्क्यांआधी हे शोधते की डामावाल्यांना कुठे धरलंय. जो आकडा फक्त हॉस्पिटलच्या दारापर्यंत मोजतो तो आपल्या देशात अर्धाच आकडा आहे, हे माझं मत, आणि ते बदलायला मी तयार नाही. माझ्या लाडक्या टिकबद्दलही तेव्हापासून जरा वेगळं वाटतं. त्या टिकमागे हिशोब असा असतो की निघून गेलेला माणूस आणि थांबलेला माणूस यांचं पुढचं नशीब साधारण सारखंच असेल. शहापूरच्या त्या गाडीत बसलेल्यांचं तसं नव्हतं.

आप्पा घरी आले. डिस्चार्ज समरीवर कंडिशन स्टेबल. पेढे वाटले, आईंनी घंटाळीच्या देवीची ओटी भरली. आणि मग रात्री आप्पा उठून बसायचे आणि विचारायचे, लोकल का थांबलीय, पाणी भरतंय, उतरा खाली. आयसीयूत असतानाही त्यांना हेच दिसत होतं, तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या की होतं असं, जाईल. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. वर चढवताना प्रत्येक लँडिंगवर खुर्ची ठेवली होती. पुढे भ्रम गेला पण मोजदाद विसरायला लागले, वीजबिलाचा हिशोब दोनदा चुकला आणि तेव्हा ते स्वतःच घाबरले.

मला वाटलं वयाने होत असेल, पण वाचायला घेतलं तर अख्खं दालनच निघालं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातला २०१३चा अभ्यास, पहिलं नाव डॉ. प्रतीक पांढरीपांडे, आडनाव बघून उगाचच बरं वाटलं. आयसीयूतले ८२१ पेशंट घेतले, ७४ टक्क्यांना तिथे असताना असा भ्रम झाला होता. वर्षभराने तपासलं तर दर चौघांतल्या जवळजवळ एकाची बुद्धीच्या चाचणीतली पातळी सौम्य अल्झायमर असलेल्यांइतकी, आणि यात तरुणही होते. टोरांटोच्या मार्गारेट हेरिज यांनी व्हेंटिलेटरवरून वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. फुफ्फुसं बरीचशी भरून आली होती, पण सहा मिनिटांत चालण्याचं अंतर पाच वर्षांनंतरही अपेक्षेच्या ७६ टक्के. हे लोक सगळे सगळ्या ट्रायलमध्ये 'शून्य'वाले, इव्हेंट नाही, जिवंत. त्यांच्या घरात लँडिंगवर खुर्ची आहे का हे विचारायला कॉलम नव्हता, आणि आताशा तो हळूहळू यायला लागलाय.

सहा मिनिटांचं आप्पांना सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून खिशात स्टॉपवॉच आणि तलावपाळीवर मोजून चालणं, वहीत तारीख, अंतर, शेरा. शेऱ्यात "भेळवाला आडवा" वगैरे. योगाचंही त्यांनी विचारलं, कुणीतरी सांगितलं असणार. त्यावर आपल्याकडचीच मोठी ट्रायल आहे, योगा-केअर, डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांची, २०२०ची. देशातली २४ हॉस्पिटलं, अटॅक येऊन गेलेले ३,९५९ पेशंट. योगवर्गाला गेलेल्यांत पुढचे मोठे इव्हेंट ६.७ टक्के, न गेलेल्यांत ७.४, आणि हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एका गटाने "योगाने काही होत नाही" असं फिरवलं आणि दुसऱ्या गटाने ट्रायलच खोटी ठरवली. दोघांनी पुढचा परिच्छेद वाचलाच नाही. योगवाल्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटत होती, थोडीच, पण हा फरक खरा, आणि अटॅकच्या आधी जे करायचे ते पुन्हा करायला लागलेले लोक त्यांच्यात जास्त होते. आप्पांना मी हे दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "मला इव्हेंट नकोच आहे, पण मला बाजारात जायचंय." आता सकाळी सोसायटीच्या गच्चीवर जातात, डॉक्टरांना विचारून, आणि गोळ्यांचा डबा स्वतः भरतात. अ‍ॅस्पिरिन बंद करू का असं मिथुन राशीवरून नणंदेने एकदा हळूच विचारलं होतं, तो विषय त्यांनी परस्पर मिटवला.

परवा मी घरूनच काम करत होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर होता म्हणून सगळं ऐकू आलं. हॉस्पिटलच्या रजिस्ट्रीतून कुणी मुलगी, फॉलो-अप कॉल. माझ्यासारखीच कुणीतरी दुसऱ्या टोकाला तो कॉलम भरणार.

"नमस्कार सर, पेशंटचे नातेवाईक बोलताय का?"

"पेशंट बोलतोय."

तिकडे जरा शांतता. मग तिने विचारलं की परत अ‍ॅडमिट केलं होतं का, छातीत दुखलं का, गोळ्या चालू आहेत का. आप्पांनी सगळी उत्तरं दिली आणि मग वही काढली. तलावपाळीचं अंतर मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं, दुसऱ्या लँडिंगची खुर्ची काढली पण पहिल्याची ठेवलीय कारण ती आईंना लागते, वीजबिल या वेळी बरोबर आलं, लोकलचं स्वप्न अजून अधूनमधून पडतं पण आता गाडी चालू असते. मुलगी बिचारी हं, हं करत होती. शेवटी म्हणाली, "सर, मी स्टेबल लिहू का?"

"लिही," आप्पा म्हणाले, "आणि बाजूला शेऱ्याला जागा असेल तर सांग, मी परत वाचतो."